एका दिवसात मास्तर

चहा आधी संपवा, मग सांगतो. हसताना कप हिंदकळून सारवलेल्या अंगणात चहा सांडला, तर आमची मंडळी तुम्हाला काही म्हणणार नाही. मला म्हणेल.

मी सहसा चुकत नाही. गावात कोणालाही विचारा. पाऊस कधी लागणार, यंदा कुठली कलमं धरणार, काजूच्या बिया कधी विकायच्या, यात माझा शब्द खाली पडलेला नाही. पण एकदा चुकलो. आणि चुकलो तो काय साधासुधा? टेम्पो भरून चुकलो!

आमचं गाव कसालपासून आत. भात, काजू, थोडे आंबे. मी चौथी शिकलो. चौथी म्हणजे पूर्ण चौथी, हे ध्यानात ठेवा. इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं, आणि पाचवी लागायच्या आधीच बापाने माझ्या हातात बैलाचा कासरा दिला. म्हणजे माझी आणि इंग्रजीची चुकामूक एका उन्हाळ्याने झाली. तक्रार नाही. बैलाला इंग्रजी लागत नाही.

मुलगा मडगावात कामाला. सून वैदेही इथेच, हायस्कुलात इंग्रजी शिकवते. माहेर तिचं सावंतवाडीचं. घर बघते, शाळा बघते आणि वर पीएचडी करत होती. कसली? मी एकदा विचारलं.

"आबा, इंग्रजीच्या शिक्षकांनी पोरांक नुसती स्पेलिंगा शिकवन भागाचा नाय. फोनार मेसेज येतत, जाहिराती येतत. ते माणसाक खयच्या शब्दान वडतत, ता पोरांक वळखूक इला पायजे. पण ता वर्गात शिकवचा कसा? शिक्षकांका तयार करूचा कसा? तेचो माझो अभ्यास."

"मेसेज माणसाक वडता?"

"वडता तर!"

"माका कधी वडूक नाय."

ती हसली. मला तसं हसलेलं आवडत नाही. "तेना भात पिकता?" असं विचारून मी विषय संपवला.

सुनेचं तोंडावर कौतुक करायची आमच्याकडे पद्धत नाही. पाठीमागे करतो का? नाही. मनात करतो. मनातलं कोणाला दिसत नाही, ही त्यातली सोय.

तर एका सकाळी मी अंगणात नारळ सोलत होतो. वैदेही बॅग भरून बाहेर आली. तिच्या अभ्यासाची शेवटची परीक्षा शनिवारी सावंतवाडीत होती. कॉलेजच्या हॉलमध्ये जिल्ह्यातले इंग्रजीचे शिक्षक जमणार, त्यांच्यासमोर तिने अभ्यास मांडायचा, आणि बाहेरून आलेल्या मोठ्या मॅडम निकाल देणार. पास, नाहीतर परत. परत म्हणजे पहिल्यापासून! तयारीसाठी ती आधीच माहेरी निघाली होती.

"आबा, तुमच्या फोनार एक मेसेज धाडतंय. माझ्या कामाचो आसा. शेवटपर्यंत वाचा आणि माका सांगा, खंय वड लागता ती."

आता तुम्हीच सांगा, सोलायच्या सुळावर नारळ रोवलेला, वरचं सोडण कर्रकर्र निघतंय, अशा वेळी माणसाला काय ऐकू येणार? निम्मे शब्द त्या कर्रकर्रीत गेले. मेसेज येणार आणि तो वाचायचा, एवढंच डोक्यात राहिलं.

"हूं," मी म्हणालो.

"शेवटपर्यंत, हां आबा."

"हूं म्हटलंय मा!"

ती पाया पडली. हात गार होते तिचे. मी म्हणालो, "जा." मी कमी बोलतो.

दुपारी जेवून बसलो आणि फोन वाजला. हा फोन वैदेहीनेच मला दिलेला, त्यातली अक्षरंसुद्धा तिने मराठी करून ठेवलेली. चष्मा लावला. बोट ठेवून वाचू लागलो.

अभिनंदन! तुमची निवड झाली आहे! एका दिवसात इंग्लिश मास्टर व्हा! वयाची अट नाही. शिक्षणाची अट नाही. जागा मर्यादित! आज ठरवा, उद्या उशीर झालेला असेल. शनिवारी सकाळी दहा वाजता, सावंतवाडी, कॉलेजचा हॉल. चहा-नाश्ता मोफत.

मी पुन्हा वाचलं. छाती भरून आली.

एका दिवसात इंग्लिश मास्तर! लिहिलं होतं 'मास्टर', पण 'त'च्या जागी 'ट' लिहिणं ही शिकलेल्यांची ऐट. मला अर्थाशी मतलब. आमच्या गावच्या शाळेत मास्तर टिकत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक. एक बदलून जातो, दुसरा येता येत नाही. रिटायर झालेल्यांना बोलावून वर्गावर उभं करतात. मग माझ्यासारख्याला का नको? जागा निघाल्या होत्या. आणि त्या मर्यादित होत्या. भरती म्हटली की जागा मर्यादितच असतात!

वयाची अट नाही. शिक्षणाची अट नाही. इतकी समजूतदार भरती मी जन्मात बघितली नव्हती. आणि निवड तर झालेलीच होती. कोणी केली? ज्याला माणसाची पारख आहे त्याने केली, आणखी कोणी?

आणि मुख्य म्हणजे मेसेज वैदेहीच्या फोनवरून आला होता. तिची परीक्षा शनिवारी, तिथेच. म्हणजे इंग्रजीवाले सगळे तिथे जमणार. म्हणजे खरंच.

फक्त एक गोष्ट खटकली. मेसेजच्या खाली निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अधिक वाचा.'

माझं डोकं सणकलं. आधी म्हणायचं शिक्षणाची अट नाही, आणि जाता जाता टोमणा मारायचा, अधिक वाचा! चौथी शिकलेल्या माणसाचं शिक्षण काढतो? हा कोण मोठा दीडशहाणा? "वाचलंय तितक्या पुरे आसा!" असं त्या फोनला सुनावलं आणि तो पालथा घातला.

मग मंडळीला हाक मारली.

"आयकलंस गो? माका मास्तर करतत."

"कोण करता?"

"सरकार."

सरकारचं नाव मेसेजमध्ये कुठे होतं? कुठेच नव्हतं. पण भरती दुसरं कोण करतं?

"कसलो मास्तर?"

"इंग्लिशचो."

तिने हातातलं सूप खाली ठेवलं. "गोठ्यातली म्हस तुमचा आयकणा नाय, थंय पोरा आयकतली?"

"म्हशीक इंग्लिश येणा नाय, म्हणान आयकणा नाय."

"वैदेहीक फोन करून इचारा तरी."

"तिची परीक्षा आसा. तिका तरास नको."

खरं कारण वेगळं होतं. मला तिला चकित करायचं होतं. परीक्षा देऊन ती बाहेर येते आणि समोर कोण? सासरा, इंग्लिश मास्तर! 'तेना भात पिकता?' असं विचारणाऱ्या माणसाच्या मनात दुसरं काय होतं, हे तिला न बोलता कळलं असतं.

संध्याकाळी शेजारच्या दाजीला सांगितलं. फक्त दाजीला. दाजी म्हणजे आमच्या देवळात गाऱ्हाणं घालणारा माणूस. देवाशी बोलतो, पण हळू बोलता येत नाही त्याला. मी कानात सांगितलं आणि तो ओरडला, "मास्तर? आबा, तू?"

झालं! वाडीभर झालं.

दाजीने मेसेज वाचायला लावला. 'शिक्षणाची अट नाही' ऐकल्यावर तो विचारात पडला. "मगे माका कित्या नको? माझो आवाज बरो आसा."

"निवड माझी झालीहा."

"तुझी झालीहा, तर तू माझी कर."

एवढ्यात पांडू आला. पांडूचा चुलतभावाशी परसातल्या जागेवरून जुना वाद. उठता-बसता त्याच्या डोक्यात जागा. त्याने कुंपणापलीकडून एवढंच ऐकलं होतं, 'जागा मर्यादित.'

"खंयची जागा? कितके गुंठे?"

"मेल्या, गुंठे नाय. ही मास्तरकीची जागा."

"मर्यादित म्हणजे थोडीच आसतली. म्हणानच लवकर जावक व्हया!" आणि तो सातबारा शोधायला घरी पळाला. त्याला कोण समजावणार?

बाकीच्यांचं ऐकाल तर कोणाला मुलासाठी नोकरी हवी होती, कोणाला सावंतवाडीचा बाजार करायचा होता, आणि कोणी मोफत नाश्त्यावर विश्वास ठेवून निघाले होते. मी कोणालाही या म्हटलं नाही. पण नको असंही म्हटलं नाही. मास्तर व्हायला निघालेल्या माणसामागे चार लोक असले तर शोभतं.

मधल्या दिवसांत मी तयारी केली. लहानपणी पाचवीच्या वर्गातून भिंतीपलीकडे ऐकू यायचं ते इंग्रजी आठवलं. सिट. स्टॅन्ड. कम. सायलेन्स. गोठ्यात जाऊन म्हशीवर चालवून बघितलं. "स्टॅन्ड!" म्हटलं तेव्हा ती उभी होती. "सिट!" म्हटल्यावर थोड्या वेळाने बसली. मंडळी दारातून बघत होती.

"ती दमान बसली."

"ती समाजली म्हणान बसली!"

मुलाच्या लग्नातला कोट काढला. काळी टोपी झटकली. आणि निगडीचा एक सरळ फोक तोडून सोलून घेतला. मास्तर आणि हातात छडी नाही?

शनिवारी उजाडताच देवळासमोर टेम्पो उभा राहिला. काजू नेणारा टेम्पो, मागे उभं राहायची सोय. दाजीने नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"ह्यो जो काय आमचो आबा आज मास्तर होवक चल्लो आसा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"इंग्रजी जर वाटेत आडवी इली, तर तिका आल्या वाटेन परत धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जागा मर्यादित आसत, तर आमच्या पुरत्या तरी उरांदे रे म्हाराजा!"

यावर पांडूचा 'व्हय' सर्वांत मोठा होता.

सावंतवाडीत पोचलो तेव्हा तळ्यावर अजून फिरायला आलेले लोक होते. कॉलेजचा हॉल नुकताच उघडलेला. आत खुर्च्यांच्या रांगा. पुढच्या रांगेतल्या काही खुर्च्यांना पांढरी कापडं घातलेली. दाजीने त्या बघितल्या आणि एसटीच्या खिडकीतून ओरडावं तसा ओरडला, "जागो धरा रे!"

पंचे पडले. टोप्या पडल्या. एका खुर्चीवर नारळ ठेवला गेला. मी मधली कापडाची खुर्ची घेतली आणि छडी गुडघ्यांवर आडवी धरून बसलो.

थोड्या वेळाने शिक्षक येऊ लागले. आणि इथे गंमत बघा. दारातून आत आलेला पहिला शिक्षक मला बघून थांबला. कोट, टोपी, मधली खुर्ची, आणि चेहरा हा असा. तो वाकला.

"गुड मॉर्निंग, सर."

मी म्हणालो, "सिट!"

तो बसला!

तुम्हाला सांगतो, त्या क्षणाचं सुख वेगळंच. मागून दोघी शिक्षिका आल्या. "गुड मॉर्निंग, सर." "सिट!" त्याही बसल्या. असे करत करत अर्धा हॉल मी बसवला. म्हशीला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्माही यांना लागला नाही. दाजी माझ्याकडे असा बघत होता, की तसं त्याने देवाकडेही कधी बघितलं नसेल.

शेजारच्या रांगेतला एक तरुण शिक्षक पुढे सरकला. "सर, आपण पण पेपर वाचणार का?"

मी शहरी भाषा धरली. "रोज वाचतो."

"रोज? बापरे! आणि सर, आपला विषय?"

"शेती."

त्याने मान डोलावली. "शेती आणि भाषा. वा! वेगळंच काहीतरी ऐकायला मिळणार."

मी मनात म्हटलं, झालो मी मास्तर. कागद नंतर येईल.

तेवढ्यात दारातून मोठ्या मॅडम आल्या. पिकलेले केस, साधी साडी, नजर करारी. त्यांच्या मागून हातात लॅपटॉप घेऊन वैदेही.

वैदेहीने मला बघितलं. मग दाजीला बघितलं. मग नारळ बघितला. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला तो मला बसल्या जागेवरून दिसला. ती भरभर माझ्याजवळ आली.

"आबा! तुमी हंय?"

"तुझ्याच मेसेजान इलंय. तुझा उरकान घे, मगे माझा."

तिला काही बोलायचं होतं. पण मॅडम आपल्या खुर्चीपाशी पोचल्या होत्या, आणि खुर्चीवर पंचा होता.

"ही जागा कोणाची?" मॅडमनी विचारलं.

पांडू ताडकन उठला. "जागा माझी! सातबारो आसा माझ्याकडे!"

हॉलमध्ये कोणीतरी फसकन हसलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या शांतपणे पलीकडच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "वैदेही, सुरू कर. वेळ जातोय."

तिने सुरुवात केली. आवाज कापत होता. भिंतीवर उजेड पडला आणि त्या उजेडात काय उमटलं? माझा मेसेज! अभिनंदन! तुमची निवड झाली आहे!

मी काय समजलो असेन? समजलो, की निवड जाहीर करताहेत. उठलो, सगळीकडे वळून हात जोडले. दाजीने टाळी वाजवली. मागच्या रांगेतल्या आमच्या लोकांनीही वाजवली. शिक्षकांनी आमच्याकडे बघून वाजवली. मी बसलो. वैदेहीने डोळे मिटून घेतले होते.

मग ती बोलू लागली, आणि बोलता बोलता सावरली. म्हणाली, मुलांच्या हातातल्या फोनवर असे शब्द रोज येतात. 'निवड झाली' म्हटलं की माणूस फुगतो. 'मर्यादित' म्हटलं की घाबरतो. 'आज ठरवा' म्हटलं की विचार करायचा थांबतो. इंग्रजीच्या तासाला आपण कविता शिकवतो, व्याकरण शिकवतो. पण ही भाषा कोण शिकवणार? त्यासाठी शिक्षकांनी आधी स्वतः ती ओढ ओळखायला हवी. म्हणून हा मजकूर तिने मुद्दाम बनवला होता आणि सरावासाठी शिक्षकांना पाठवला होता.

बनवला होता?

तिने भिंतीवरचा मेसेज वर सरकवला. 'चहा-नाश्ता मोफत'च्या खाली आणखी ओळी होत्या. मी त्या कधी बघितल्याच नव्हत्या. बोट ठेवायला भिंत लांब होती, म्हणून नुसत्या डोळ्यांनी वाचल्या. सावकाश.

'शिक्षकांनो, वरचा मजकूर खोटा आहे. सरावासाठी बनवला आहे. कोणता शब्द तुम्हाला ओढून घेऊन गेला, ते शोधा आणि शनिवारी चर्चेला या.'

मी छडी हळूच खुर्चीखाली सरकवली.

आणि तेवढ्यात मॅडमनी हात वर केला.

"थांब वैदेही. मांडणी चांगली आहे. पण मला एक शंका आहे, आणि ती मोठी आहे. हा मजकूर फारच ढोबळ आहे. एका दिवसात मास्टर म्हणजे पारंगत होणार? असल्याला आज कोण फसतं? लोक शहाणे झालेत. तुझ्या सगळ्या कामाचा पाया हा, की अशी भाषा माणसाला ओढते. मग मला एक तरी माणूस दाखव, जो या मजकुराला खरोखर फसला. शिक्षक नको, त्यांना ठाऊक होतं. नाहीतर हे काम मला परत पाठवावं लागेल."

परत. पहिल्यापासून.

वैदेहीला फक्त बोट करायचं होतं. पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर, कोट-टोपीत तिचं उत्तर बसलं होतं. पण तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खाली जमिनीकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, आता या क्षणी… नाही दाखवता येणार."

तिची एवढी वर्षं. घरातलं उरकून, सगळे निजल्यावर केलेला अभ्यास. आणि ते सगळं ती माझ्या टोपीखातर पाण्यात सोडत होती!

मी उठलो. खुर्ची करकरली.

"मी," मी म्हणालो.

मॅडम वळल्या. "तुम्ही काय?"

"मी फसलंय."

आवाज माझा नेहमीचाच. चूक असो नाहीतर बरोबर, सांगायची ती सरळ उभं राहून.

"आपण कोण?"

"वैदेहीचो सासरो. शेतकरी. माका वाटला, मास्तरांची भरती आसा. मास्तर होवक इलंय."

ज्या शिक्षकांना मी बसवलं होतं त्यांचे चेहरे तुम्ही बघायला हवे होते! पण हसलं कोणी नाही. कारण मॅडम हसत नव्हत्या. त्या पुढे झुकल्या होत्या.

"कोणत्या शब्दाने ओढलं तुम्हाला? निवड? मर्यादित?"

"शब्दांचा जावंदे. शब्द माका साफ कळले खंय? मेसेज सुनेच्या फोनावरना इलो. ती इंग्रजीची मास्तरीण. एवढी शिकलेली. ती धाडता म्हणजे ता खराच. ती खोटा धाडता काय कधी?"

इतकं लांब मी आयुष्यात बोललो नव्हतो. आणि सुनेबद्दल तर एक वाक्यसुद्धा नाही. वैदेहीने तोंडाला पदर लावला.

मॅडमनी चष्मा काढला. "आणि ही बाकी मंडळी? त्यांनाही मेसेज आला होता?"

"नाय. तेंका मी सांगलंय."

मॅडम मागे वळल्या. "तुम्ही सगळे फक्त यांच्या सांगण्यावरून आलात?"

आणि आमची अख्खी रांग, दाजीसकट, एका आवाजात उठली, "व्हय म्हाराजा!"

मग मात्र हॉल फुटला. शिक्षक हसले, मॅडम हसल्या, वैदेही रडता रडता हसली. मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी एक माणूस मागितला होता, हिने गाव उभं केलं! एका माणसाला मेसेजने ओढलं, आणि त्या माणसाच्या शब्दाने टेम्पो भरला. शब्दाइतकंच तो कोणाकडून आला याला वजन असतं. वैदेही, हे तुझ्या प्रबंधात घाल. काम मंजूर!"

दाजीने नारळ तिथेच फोडला. शिपाई ओरडला, पण मॅडमनीच खोबरं मागून घेतलं. चहा आणि नाश्ता खरोखर मोफत होता. दिवस-ठिकाण सोडलं तर त्या मेसेजमध्ये खरं होतं ते एवढंच. पांडूने जाताना मॅडमना परसाचा नकाशा दाखवला. त्यांनी तो नीट बघितलाही.

येताना वैदेही टेम्पोतच बसली, पुढे, माझ्या शेजारी. कसाल आलं तेव्हा मी म्हणालो, "बरा झाला." ती म्हणाली, "होय आबा." आमच्यात एवढं पुरतं.

आणि ऐका, मी मास्तर झालोच! वैदेही आता इंग्रजीच्या शिक्षकांची शिबिरं घेते, आणि मला बरोबर नेते. मी कोट घालून समोर उभा राहतो, छडी हातात घेतो आणि सांगतो, मी कसा फसलो. शिक्षक वह्यांत लिहून घेतात. कसालच्या बाजारात लोक हाक मारतात, "ओ इंग्लिश मास्तर!" मी थांबतो. हाक बरोबर आहे.

एकच शल्य होतं. एकदा जेवताना वैदेहीला म्हटलंच. "तू माका आधी सांगूक व्हया होता, मेसेज खोटो आसा म्हणान."

"आबा, खाली लिवलेला होता. तुमी 'अधिक वाचा' दाबूक नाय?"

"ता दाबूचा आसता?"

"मगे?"

"माका वाटला, तो फोन माझा शिक्षण काढता!"

मंडळीने वाढता वाढता पळी थांबवली. "मगे फोन काय खोटा बोलाक नाय," ती म्हणाली.

गेल्या महिन्यात वैदेहीच्या हायस्कुलात मला पाहुणा म्हणून बोलावलं. हेडमास्तर म्हणाले, मुलांना दोन शब्द सांगा. मी कमी बोलतो. उभा राहिलो, छडी टेकवली आणि दोनच शब्द सांगितले, "अधिक वाचा."

काय टाळ्या पडल्या! हेडमास्तरांनी ते दोन शब्द दारातल्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहिले, खाली माझं नाव. अजून पुसलेले नाहीत. मुलं येता-जाता वाचतात आणि मला नमस्कार करतात.

फळ्यावरचं 'अधिक वाचा' दाबता येत नाही, हे एक बरं आहे. नाहीतर खाली ही सगळी गोष्ट निघाली असती!